दांताच्या मुळाशीं

दांत दुखूं लागला म्हणजे ‘कीड लागली’ असें आपण म्हणतों. हा शब्दप्रयोग कालपरवांचा नव्हे. सुश्रुतसंहितेंतील दंतरोगांत ‘कृमिदन्तक’ नांवाचा एक रोग आहे, आणि बाबिलोनी मृत्तिकालेखांत दांतांतील किड्याविरुद्ध रचलेला मंत्रहि सांपडला आहे. ती समजूत शास्त्रानें खोटी ठरविली. पण सर्वस्वीं खोटी ठरली असें आमच्यानें म्हणवत नाहीं. किडा नसतो, परंतु किड्याहून कितीतरी लहान असे जीव दांताच्या पोटांत शिरतात हें खरें आहे, आणि त्यांना तेथून घालवावें कसें ह्या एका प्रश्नानें दंतवैद्यांच्या कित्येक पिढ्या खाल्ल्या. ह्या प्रश्नाला मध्यंतरीं एक चुकीचें उत्तर मिळालें व त्यापायीं असंख्य लोक आपल्या दांतांस मुकले. म्हणून हा इतिहास केवळ दंतवैद्यांनींच वाचावा असा नाहीं.

दांताच्या कठीण भागाच्या आंत दंतमज्जा असते. रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांनीं बनलेला तो एक मऊ, जिवंत गाभा होय. मुळांतील अरुंद नळ्यांतून तो टोंकापर्यंत उतरतो. हा गाभा मेला म्हणजे त्या नळींत रक्त पोंचत नाहीं. आणि जेथें रक्त नाहीं तेथें शरीराचें संरक्षक बळहि नाहीं व पोटांत घेतलेलें औषधहि नाहीं. जंतूंना याहून सुरक्षित गढी कोणती मिळणार?

डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक नामक कापड-व्यापाऱ्यानें १६८३ सालीं आपल्याच दांतांवरील किटण भिंगाखालीं ठेवलें व त्यांत वळवळणारे जीव पाहिले. परंतु त्यांचा दंतरोगाशीं कांहीं संबंध असेल, हें पुढें दोनशें वर्षें कोणी सिद्ध केलें नाहीं. तोंवर दंतवैद्यांचा रोख जंतूंवर नसून वेदनेवर होता. १८३६ सालीं अमेरिकेंत स्पूनर यांनीं मज्जा मारण्यासाठीं सोमल वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मज्जा मरे, दुखणें थांबे. सोमल बाहेर झिरपला तर जबड्याचें हाडहि मरे. १८६४ सालीं न्यूयॉर्कच्या बार्नम यांनीं दांताभोंवतीं रबराचा पातळ पडदा ताणून बसविण्याची युक्ति काढली. त्यांना लाळ अडवून दांत कोरडा ठेवावयाचा होता, एवढेंच. जंतूंना बाहेर ठेवण्याचें उत्तम साधन आपण निर्माण केलें आहे, ह्याची त्यांना त्या वेळीं कल्पनाहि नसावी.

खरा आरंभ मिलर यांच्यापासून होतो. हे जन्मानें अमेरिकन, पण बर्लिन येथें अध्यापक होते व कॉख यांच्या जंतुशास्त्राचा संस्कार त्यांच्यावर झाला होता. मुखांतील सूक्ष्मजंतूंवरील त्यांचा ग्रंथ १८९० सालीं इंग्रजींत आला, आणि १८९४ सालीं त्यांनीं रोगट दंतमज्जेंत जंतु असल्याचें दाखविलें. त्यांतले कांहीं जंतु सूक्ष्मदर्शकांत स्पष्ट दिसत, परंतु प्रयोगशाळेंत वाढवूं गेल्यास वाढत नसत. मिलर यांनीं हें प्रामाणिकपणें नमूद करून ठेवलें. वाचकांनीं हें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

जंतु आहेत असें ठरतांच त्यांवर विषें सोडण्याची चढाओढ लागली. वाल्कहॉफ यांनीं कापूर घातलेलें क्लोरोफिनॉल आणलें, बकले यांनीं फॉर्मोक्रेसॉल आणलें. औषध जितकें उग्र तितकें गुणकारी, अशी भावना होती. परंतु जें जंतूस मारतें तें मुळाच्या टोंकापलीकडील जिवंत मांसासहि जाळतें, ह्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

इतक्यांत दुसरेंच संकट उभें राहिलें. १९१० सालीं लंडनचे विल्यम हंटर यांनीं माँट्रियल येथील मॅक्गिल विश्वविद्यालयांत एक व्याख्यान दिलें. सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढविणाऱ्या दंतवैद्यांची त्यांनीं कठोर निर्भर्त्सना केली, व ती रास्तच होती. पण तिच्यामागून जें मत पसरलें तें असें कीं, मुळाशीं दडलेले जंतु रक्तावाटें सांध्यांत, हृदयांत, मूत्रपिंडांत जाऊन तेथें रोग उत्पन्न करतात. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनीं त्या मतास प्रतिष्ठा दिली. १९२३ सालीं वेस्टन प्राइस यांनीं दोन भागांचा ग्रंथ लिहून, रोग्यांचे दांत सशांच्या कातडीखालीं पुरल्यास ससे आजारी पडतात असें सांगितलें. झालें! मज्जा मेलेला दांत उपटावा, हाच मोठा धर्म ठरला. मुळावर उपचार करणारा वैद्य जुनाट समजला जाऊं लागला.

ही लाट आमच्या घरापर्यंत येऊन पोंचली होती. १९४८ च्या सुमारास आमच्या आजोबांचे गुडघे धरले. एका डॉक्टरांनीं दोष दांतांवर ठेविला व दोन महिन्यांत त्यांचे एकोणीस दांत काढून टाकिले. गुडघे अखेरपर्यंत दुखतच राहिले. भाकरी दुधांत कुसकरून खातांना आजोबा ही हकीकत हंसत सांगत. आम्हांस मात्र ती हंसण्याजोगी कधीं वाटली नाहीं. कारण त्याच्या दहा वर्षें आधींच, १९३८ सालीं, सेसिल व अँजेव्हाइन यांनीं संधिवाताच्या २०० रोग्यांची तपासणी प्रसिद्ध करून, दांत वा टॉन्सिल काढल्यानें रोग हटत नाहीं असें दाखविलें होतें. सेसिल हे पूर्वीं त्याच मताचे पुरस्कर्ते होते, हें विशेष. जुन्या प्रयोगांत जंतूंची मात्रा अवाच्या सवा होती, व दांत उपटतांना हिरडीवरील जंतु त्याला चिकटतात ह्याचाहि विचार झाला नव्हता.

योग्य वाट सांपडली ती रणांगणावर. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें कारेल व डेकिन हे सडलेल्या जखमा अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रवानें सतत धूत. हें द्रव्य जंतूंस मारतेंच, पण शिवाय मेलेलें मांस विरघळवितें. म्हणजे जंतूंचें अन्नच नाहींसें करतें. १९३६ सालीं वॉकर यांनीं व १९४१ सालीं ग्रॉसमन यांनीं दांताच्या नळीसाठीं त्याचा पुरस्कार केला. ह्याची निकड कां होती तें झुरिकच्या हेस यांच्या कामावरून समजतें. त्यांनीं हजारों दांतांत रबर भरून वरचा दांत अम्लांत विरघळविला, तेव्हां आंतील नळीचा जो सांचा हातीं आला तो सरळ नव्हता. झाडाच्या मुळ्यांसारखे त्याला फांटे व आडवे दुवे होते. त्या फांट्यांत सुई जात नाहीं. पाणी जाऊं शकतें.

१९६५ सालीं काकेहाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत एक सुंदर प्रयोग केला. जन्मापासून निर्जंतुक वातावरणांत वाढविलेल्या उंदरांच्या दाढा पोखरून मज्जा उघडी ठेवली. अन्न अडकलें, तरी मज्जा जगली व भोंकावर नवा कठीण थरहि आला. साध्या उंदरांची मज्जा मात्र सडली. वाद तेथें मिटला.

मिलर यांचें कोडें १९७६ सालीं स्वीडनमध्यें सुंडक्विस्ट यांनीं उलगडलें. हवा वगळून नमुने वाढविले तेव्हां ते हट्टी जंतु भराभर वाढले; त्यांतील बहुसंख्यांस प्राणवायु सोसतच नव्हता. पुढें त्यांनीं व बिस्ट्रॉम यांनीं एकेक उपाय मोजून पाहिला. नुसत्या सळ्यांनीं घासून मिठाच्या पाण्यानें धुतलें, तर जंतु पुष्कळ घटतात पण पुरते जात नाहींत. हायपोक्लोराइटनें अधिक जातात. आणि मग नळींत कॅल्शियम हायड्रॉक्साइड कांहीं आठवडे भरून ठेविल्यास क्वचितच कोणी उरतो. हें द्रव्य म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून विझविलेला चुना. जर्मनींत हेर्मान यांनीं तो १९२० सालींच दांतासाठीं सुचविला होता. आमच्या पानाच्या डब्यांतहि तो होताच. तेथें मात्र त्यानें दांतांचें भलें केलें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

उपचार एकाच बैठकींत संपवावा कीं मध्यें चुना भरून थांबावें, ह्याविषयीं दंतवैद्यांत अजून मतभेद आहेत. सर्व जंतु नाहींसे होतातच असें कोणी छातीठोकपणें सांगत नाहीं. जे उरतील त्यांना आंतच कोंडावें व वरून नव्यांना येऊं देऊं नये, एवढ्यावर सगळे येऊन थांबले आहेत. १९९५ सालीं अमेरिकेंत रे व ट्रोप यांनीं १,०१० दांतांचीं क्ष-किरणचित्रें तपासलीं, तेव्हां मुळांतील भरणापेक्षां वरचें बूच चांगलें बसलें आहे कीं नाहीं ह्यावर दांताचें आरोग्य अधिक अवलंबून असल्याचें त्यांस आढळलें. आमच्या ओळखीच्या एक दंतवैद्य बाई सांगतात कीं, दुखणें थांबलें म्हणजे वरची टोपी बसवून घेण्यास कित्येक रोगी फिरकतच नाहींत, आणि वर्ष-दीड वर्षानें तोच दांत घेऊन पुन्हां दाराशीं येतात.