एका म्यानातील तलवारी

जून १९७९ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या नागरिकांनी एका सामायिक संसदेसाठी प्रथमच थेट मतदान केले. ४१० प्रतिनिधी निवडून आले आणि १७ जुलै रोजी स्ट्रासबर्ग नगरीत त्यांची पहिली बैठक भरली. ऑश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेल्या सिमोन वेल ह्यांची त्यांनी अध्यक्षपदी निवड केली. स्ट्रासबर्ग हे स्थानही अर्थपूर्ण होते. १८७१ ते १९४५ ह्या काळात ही नगरी जर्मनी आणि फ्रान्स ह्यांच्यामध्ये चार वेळा हस्तांतरित झाली होती. एकाच घरातील आजोबा जर्मन सैन्यात, तर नातू फ्रेंच सैन्यात, असे प्रकार तिथे घडले होते.

ह्या संसदेची एक रीत आहे. सभासद तिथे देशवार बसत नाहीत, विचारवार बसतात. जर्मन समाजवादी फ्रेंच समाजवाद्याच्या शेजारी बसतो, इटालियन ख्रिस्ती लोकशाहीवादी बेल्जियन सहकाऱ्याच्या शेजारी. अधिकृत गट स्थापन करायचा तर ठराविक सभासदसंख्या लागते आणि आज ते सभासद ठराविक इतक्या देशांतून आलेलेही असावे लागतात. गट झाला, की निधी मिळतो, कर्मचारी मिळतात, भाषणाला वेळ मिळतो, समित्यांवर पदे मिळतात. गटाविना असलेला सभासद सभागृहात असूनही अंगणात उभा असल्यासारखा असतो.

इतर पक्षांना ही रीत जाचक वाटली नाही. परंतु 'माझे राष्ट्र प्रथम' हा ज्यांचा मूलमंत्र, त्या अतिउजव्या पक्षांपुढे मात्र तिने मोठे कोडे टाकले. गट करायचा तर परक्याचा हात धरणे आले. आणि त्या परक्याचेही राष्ट्र त्याच्या लेखी प्रथमच असते. हे कोडे त्यांनी चाळीस वर्षे कसे सोडविले, ह्याचा मागोवा घेणे आम्हांला उद्बोधक वाटते.

सीमेवरची माणसे

आरंभी संयुक्त युरोपाच्या शिल्पकारांचे स्मरण करावे लागेल. ९ मे १९५० रोजी कोळसा व पोलाद ह्यांचे उत्पादन सामायिक करण्याची योजना मांडणारे रोबेर शूमान लक्झेंबर्गमध्ये जन्मले, जर्मन नागरिक म्हणून वाढले आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच झाले. इटलीचे आल्चिदे दे गास्पेरी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील त्रेन्तिनो प्रांतात १८८१ साली जन्मले व १९११ साली व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेले. कोनराड आडेनाउअर हे ऱ्हाइनकाठच्या कोलोन शहराचे महापौर. १९३३ साली नाझींनी त्यांना पदच्युत केले. तिघेही कॅथलिक, तिघेही जर्मन बोलू शकणारे. शूमान ह्यांना गेस्टापोने, तर दे गास्पेरींना मुसोलिनीच्या राजवटीने कैदेत टाकले होते. सीमेने माणसाचे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

दक्षिण तिरोल हा जर्मनभाषक डोंगरी प्रदेश १९१९ च्या तहाने ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला आणि मुसोलिनीने तिथल्या शाळांतून जर्मन भाषा हद्दपार केली. युद्ध संपल्यावर ५ सप्टेंबर १९४६ रोजी पॅरिस येथे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर ह्यांनी करार केला. सीमा जिथल्या तिथे राहिली, परंतु जर्मनभाषकांना त्यांच्या भाषेचे व स्वायत्ततेचे आश्वासन मिळाले. अंमलबजावणीला पुढे दीर्घ काळ लागला, बॉम्बस्फोटही झाले. तथापि वाट तीच ठरली. हा डोंगरी मुलूख वाचकांनी ध्यानात ठेवावा.

पहिले दोन प्रयोग

१९८४ च्या निवडणुकीत झाँ-मारी ल पेन ह्यांच्या फ्रेंच नॅशनल फ्रंटला सुमारे अकरा टक्के मते व १० जागा मिळाल्या. त्यांनी मुसोलिनीच्या अनुयायांनी १९४६ साली स्थापिलेल्या इटालियन सोशल मूव्हमेंटचे ५ सभासद आणि तुरुंगातील माजी हुकूमशहा पापादोपूलोस ह्यांना मानणारा एक ग्रीक सभासद एकत्र आणले. अशा रीतीने १६ जणांचा पहिला अतिउजवा गट जन्मास आला. संसदेने तत्काळ युरोपातील फॅसिझम व वंशद्वेषाच्या वाढीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, आणि जून १९८६ मध्ये युरोपीय संस्थांनी वंशद्वेषाविरुद्ध संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

१९८९ साली ल पेन ह्यांना १० जागा टिकविता आल्या. शिवाय जर्मनीतून रिपब्लिकन पक्षाचे ६ सभासद आले. त्यांचे नेते फ्रान्झ शोनहुबर हे हिटलरच्या वाफेन-एसएस दलातील माजी सैनिक. आता गट बळावेल, असा रंग दिसत होता. परंतु जर्मन राष्ट्रवाद्याला दक्षिण तिरोल जर्मन हवे होते आणि इटालियन राष्ट्रवाद्याला ते इटालियन हवे होते. ज्या डोंगरावर दे गास्पेरी व ग्रुबर ह्यांना तोडगा सापडला, त्याच डोंगरावर हे दोघे अडखळले. ल पेन ह्यांनी जर्मनांचा हात धरला आणि इटालियनांचे ४ सभासद बाहेर राहिले. एक बेल्जियन सभासद धरून हा गट १७ जणांचा झाला; परंतु जर्मनांतच भाऊबंदकी माजली आणि तो विसविशीत होत गेला. १९९४ साली गट उरला नाही.

दहा महिन्यांचा संसार

१ जानेवारी २००७ रोजी रुमानिया व बल्गेरिया हे देश युरोपीय संघात आले. त्यांच्या अतिउजव्या पक्षांच्या सभासदांमुळे आवश्यक असलेली २० ही संख्या भरली आणि ब्रुनो गोलनिश ह्यांच्या नेतृत्वाखाली 'अस्मिता, परंपरा, सार्वभौमत्व' नावाचा गट उभा राहिला. हुकूमशहा मुसोलिनीची नात अलेस्सांद्रा ही त्यातील एक सभासद होती. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत रोममध्ये एका स्त्रीची हत्या झाली आणि संशयित म्हणून रुमानियातून आलेल्या एका इसमाला अटक झाली. इटलीत संतापाची लाट उसळली. कायदा मोडणे ही रुमानियन लोकांची जीवनपद्धतीच झाली आहे, अशा आशयाचे उद्गार अलेस्सांद्रा मुसोलिनी ह्यांनी काढले.

वस्तुतः परकीयांविषयी असेच बोलणे हा ह्या गटाचा समान धागा होता. मात्र ह्या वेळी तो 'परकीय' त्याच गटात, शेजारच्या बाकावर बसलेला होता. रुमानियाचे पाचही सभासद बाहेर पडले, संख्या २० च्या खाली गेली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये गट बरखास्त झाला. संसार जेमतेम दहा महिने टिकला. परकीयाला दोष देण्याच्या पायावर उभारलेल्या घरात प्रत्येक रहिवासी दुसऱ्यासाठी परकीयच असतो, हा ह्या प्रकरणाचा मथितार्थ होय.

शहाणपण आणि संख्या

इथेच ही कथा संपली असती, तर आम्ही हा लेख लिहिलाच नसता. पुढच्या पिढीने पूर्वजांच्या फजितीतून धडा घेतला. २०१४ साली मरीन ल पेन व नेदरलँड्सचे खेर्ट विल्डर्स ह्यांना सभासद पुरेसे मिळाले, परंतु ७ देशांची अट पुरी होईना. ब्रिटनची एक फुटीर सभासद व दोन पोलिश सभासद मिळवून जून २०१५ मध्ये त्यांनी ती पुरी केली. २०१९ साली ७३ सभासदांचा 'अस्मिता आणि लोकशाही' हा गट झाला. सीमांच्या जुन्या भांडणांवर मौन पाळायचे आणि निर्वासित, इस्लाम व ब्रुसेल्स ह्या तिघांविरुद्ध एका सुरात बोलायचे, असा हा अलिखित तहनामा होता.

तरीही जुनी दुखणी ठसठसत राहिली. मे २०२४ मध्ये जर्मनीच्या 'एएफडी' पक्षाचे मॅक्सिमिलियन क्राह ह्यांनी, हिटलरच्या एसएस दलाचा गणवेश घालणारा प्रत्येक जण गुन्हेगार होताच असे नाही, असे म्हटले. फ्रेंच मित्रांनी संबंध तोडले आणि 'एएफडी'ची गटातून हकालपट्टी झाली. हंगेरीचे व्हिक्टर ओर्बान ह्यांच्या पक्षाने जॉर्जिया मेलोनी ह्यांच्या गटात जाण्यास नकार दिला, कारण तिथे हंगेरियनांविरुद्ध बोलणाऱ्या एका रुमानियन पक्षाला प्रवेश मिळाला होता. १९२० च्या त्रियानोन तहाने ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडून रुमानियाकडे गेला. शंभर वर्षांनंतरही ती जखम भरलेली नाही.

परिणामी जुलै २०२४ मध्ये ह्या विचारांचे एक नव्हे, तीन गट दिसू लागले: ओर्बान व ल पेन ह्यांच्या पक्षांचा ८४ जणांचा, मेलोनींचा ७८ जणांचा आणि 'एएफडी'चा २५ जणांचा. मेलोनींच्या गटात सर्वच अतिउजवे नाहीत, हे खरे. तरी एकूण ७२० सभासदांपैकी ही संख्या १८७ होते. सर्वांत मोठ्या गटाची संख्या तेव्हा १८८ होती. इतर पक्षांनी ओर्बान-ल पेन गटाला व 'एएफडी'च्या गटाला उपाध्यक्षपदांपासून दूर ठेवले. मेलोनींच्या गटाला मात्र ती मिळाली. १९ सप्टेंबर २०२४ रोजी व्हेनेझुएलाविषयीच्या ठरावावर मध्यममार्गी उजव्यांनी ह्या गटांच्या मतांसह बहुमत मिळविले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे खरे. परंतु तीन म्यानांतील तलवारी एकाच वेळी उपसता येतात, हे त्या दिवशी दिसले.

जपमाळ कोणाच्या हाती?

ह्या इतिहासातील एक प्रसंग आम्हां कॅथलिकांना विशेष विचार करावयास लावणारा आहे. १८ मे २०१९ रोजी मिलान शहरात अनेक देशांतील राष्ट्रवादी नेत्यांची प्रचारसभा झाली. इटलीचे तत्कालीन गृहमंत्री मातेओ साल्विनी ह्यांनी हातात जपमाळ धरून युरोपच्या आश्रयदात्या संतांची नावे घेतली आणि पवित्र मरियेच्या निष्कलंक हृदयाला विजयासाठी साकडे घातले. व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल पारोलिन ह्यांनी त्यानंतर सांगितले, की देव सर्वांचा आहे आणि त्याला केवळ आपल्यासाठी पाचारण करणे धोक्याचे असते.

त्या आश्रयदात्या संतांमध्ये एडिथ स्टाइन, अर्थात क्रूसाची संत तेरेजा बेनेडिक्टा, ह्यांचाही समावेश आहे. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या ह्या कार्मेलाइट भगिनीला ऑगस्ट १९४२ मध्ये ऑश्विट्झ येथे ठार मारण्यात आले. ती छावणी चालविणारे एसएसचे लोक होते. त्या सभेनंतर काही आठवड्यांतच साल्विनींच्या पक्षाने 'एएफडी'सह गट केला, आणि पाच वर्षांनी त्याच 'एएफडी'च्या क्राह ह्यांनी एसएसची तरफदारी केली. जपमाळ आणि तो गणवेश ह्यांमधील अंतर किती कमी होऊ शकते, हे सांगावयास ह्याहून अधिक पुराव्याची गरज नाही.

अतिउजवे आपसात भांडतील आणि आपोआप विरतील, ह्या भरवशावर युरोपातील सुजाण लोक बराच काळ स्वस्थ राहिले. १९८९ आणि २००७ साली ते घडलेही. परंतु भांडण पुढे ढकलण्याची कला आता त्यांना अवगत झाली आहे, आणि शत्रूच्या भांडणावर विसंबणे ही काही संस्कृतिरक्षणाची रीत नव्हे. शूमान, आडेनाउअर व दे गास्पेरी ह्यांनी समान शत्रू शोधला नाही. त्यांनी कालच्या शत्रूशी करार केला. त्या करारांना दीर्घ काळ लागला, त्यांची निंदाही झाली. परंतु दक्षिण तिरोलमधील मूल आज आपल्या शाळेत जर्मन शिकते आणि इटलीचे नागरिक म्हणून वाढते. दोन्ही बाजूंच्या राष्ट्रवाद्यांना हे साधता आले नव्हते.