सरांच्या फियाटचा मागचा दिवा

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. गळीत हंगाम सुरू झालाय, इंदापूर तालुक्यातल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या डबल ट्रॉल्या दिसायला लागल्यात. खरं म्हणजे दिसत नाहीत, म्हणूनच लिहितोय.

दिवाळीनंतर आमच्या हायस्कूलच्या सरांचा फोन आला. "वेळ आहे का रे? ये जरा. गाडीचे मागचे दिवे बदलायचेत, आणि आमचं पोरगं नाही म्हणतंय."

सरांची गाडी गावात सगळ्यांना माहीत आहे. 1972 ची फियाट 1100 डिलाइट. मुलगा पुण्यात असतो, त्याला गाडीला व्हिंटेजचा नंबर घ्यायचाय. त्याचं म्हणणं, मूळ गाडीतला एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. सरांना मागे एलईडी हवेत. भांडण बापलेकाचं, पंच म्हणून मी. पत्रकाराला सगळं कळतं असा सरांचा अजून समज आहे, आणि तो मी दूर केलेला नाही.

आधी गाडीचं मूळ सांगतो, कारण ते आपल्या तालुक्याशी येऊन भिडतं. वालचंद हिराचंद सोलापूरचे. आपल्या कळंबच्या माळावर त्यांनी ऊस उभा केला, साखर कारखाना काढला, त्याचं पुढे वालचंदनगर झालं. बंगळूरला विमानाचा कारखाना आणि विशाखापट्टणमला जहाजाचा, हेही त्यांचंच. मोटारीसाठी मात्र त्यांना फार झगडावं लागलं. इंग्रज सरकारला इथे मोटार व्हावी असं काही वाटत नव्हतं. शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना झाला, सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून गाड्या जोडल्या जायच्या. फियाट नंतर आली. गोल नाकाची 'डुक्कर फियाट', मग 1964 पासून डिलाइट, आणि 1974 मध्ये तीच गाडी 'पद्मिनी' झाली. वालचंद 1953 मध्येच गेले, पद्मिनी त्यांनी पाहिली नाही. पण आमच्या रस्त्यावरचा ऊस आणि सरांची फियाट, दोन्हींच्या मागे माणूस एकच.

आता दिवा. मोटारीचा मागचा दिवा सुरुवातीला दुसऱ्या कुणाला दिसावा म्हणून फारसा नव्हताच. रॉकेलची छोटी चिमणी असायची, एका अंगाला लाल काच आणि दुसऱ्या अंगाने नंबरप्लेटवर उजेड, म्हणजे पोलिसाला नंबर वाचता यावा. 1912 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे दिले, तिथून हळूहळू चिमण्या गेल्या. तरी कितीतरी वर्षं मागे एकच दिवा असे. एका लाल ठिपक्यावरून पुढची गाडी केवढी रुंद आहे, किती लांब आहे, काही कळत नाही. दोन दिवे असले की दोघांमधलं अंतर वाढताना दिसतं आणि डोळा ओळखतो की आपण जवळ चाललोय.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपने ही गोष्ट फार हुशारीने वापरली. अंधारात दिवे झाकून चालणाऱ्या ताफ्यासाठी तिच्या मागच्या दिव्यात बारीक फटी होत्या. लांबून एक ठिपका दिसायचा, थोडं जवळ आलं की दोन, फार जवळ आलं की चार. मागच्या ड्रायव्हरला हुकूम सोपा, दोन ठिपके दिसत राहतील एवढं अंतर ठेव. मला हे वाचून आमच्या ट्रॉल्या आठवल्या. युद्धात शत्रूपासून लपायचं होतं तरी मागच्याची काळजी घेतली होती.

सरांच्या गाडीचे दिवे असे मंद का झाले, ते आमच्या बॅटरीवाल्याने दाखवलं. बल्ब 12 व्होल्टचा, आत दोन तारा, 5 वॅटची नेहमीच्या दिव्याची आणि 21 वॅटची ब्रेकची. पन्नास वर्षांत होल्डर गंजला, अर्थिंग सैल झालं, गाडीला डायनॅमो असल्यामुळे इंजिन हळू चालतंय तेव्हा करंट तसाही कमी. मीटर लावला तर होल्डरवर साडेदहा व्होल्ट. दीड व्होल्टाने काय होतं असं मला वाटलं. तारेच्या बल्बचं गणित वाईट असतं, व्होल्टेज आठवा हिस्सा घटलं की उजेड एक तृतीयांशाहून जास्त घटतो. वर काच पिकलेली, आतला चकचकीत पत्रा काळवंडलेला. म्हणजे नुसता एलईडी घातला असता तर रोग तसाच राहिला असता. आधी होल्डर घासले, दोन्ही दिव्यांना नवी अर्थची वायर थेट बॉडीला दिली. तेवढ्यानेच निम्मं काम झालं, आणि मुलाचीही त्याला हरकत नव्हती.

एलईडीचा इतिहास गमतीदार आहे. डोळ्याला दिसणारा लाल एलईडी 1962 चा, जनरल इलेक्ट्रिकमधल्या निक होलोन्याक यांचा. लाल आधी जमला, निळा तेजस्वी जमायला 1993 उजाडलं. तो जपानच्या शुजी नाकामुरांनी केला, आणि निळ्यासाठी 2014 चं नोबेल त्यांना, आकासाकींना आणि आमानोंना मिळालं. निळ्याशिवाय पांढरा होत नाही, त्यामुळे मोटारीच्या पुढच्या दिव्यांना 2007 च्या आसपासपर्यंत वाट पाहावी लागली. मागच्या दिव्याला लालच पाहिजे होता, म्हणून एलईडी गाडीत मागच्या दाराने शिरला. 1998 च्या मासेराती 3200 जीटीचे मागचे दिवे एलईडीचे होते.

मागून येणाऱ्याला याचा फायदा काय? बल्बची तार तापून पूर्ण पेटायला साधारण 0.2 सेकंद लागतात, एलईडी लगेच लागतो. ताशी 80 ने येणारी गाडी 0.2 सेकंदात साडेचार मीटरच्या आसपास जाते. म्हणजे एका फियाटपेक्षा जास्त. त्याशिवाय 1974 चा एक प्रयोग आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जॉन व्होएव्होडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 343 टॅक्सींना मागे मधोमध जादा ब्रेक लाइट लावला, आणि मागून धडकण्याचे अपघात सुमारे 60 टक्क्यांनी घटले. अमेरिकेने 1986 च्या मॉडेलपासून तो दिवा सक्तीचा केला. (पुढे सगळ्याच गाड्यांना तो आल्यावर फायदा चारेक टक्क्यांवर स्थिरावला, हेही सांगायला हवं. नवलाई ओसरते.)

आता भानगडी. पहिल्यांदा आणलेला स्वस्त एलईडी आम्ही परत केला. त्यात नेहमीचा दिवा आणि ब्रेक यांच्या उजेडात फरकच नव्हता, 5 आणि 21 मधली तफावत दिसली नाही तर ब्रेक लावलाय हे मागच्याला कळणार कसं? दुसरं, त्याचा सगळा उजेड सरळ मागे, कडेचा पत्रा अंधारात, त्यामुळे बाजूने पाहिलं तर दिवा बंदच वाटे. तिसरं, तो पांढरा होता. लाल काचेआड पांढरा एलईडी गुलाबी पडतो, लालच घ्यायला हवा. मग इंडिकेटर. जुना फ्लॅशर आतली पट्टी तापून चालतो. एलईडी करंटच इतका कमी घेतो की पट्टी तापत नाही आणि इंडिकेटर ठार. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकला. काही जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच बारका बल्ब असतो, तिथे डावा लावला की चारही दिवे लुकलुकतात. सरांच्या गाडीत तसं झालं नाही, नशीब.

आणि मुलाची शंका. केंद्राची 15 जुलै 2021 ची अधिसूचना मी काढून वाचली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांवरची, खासगी गाडी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नवीन नोंदणीला 20,000 रुपये. मोठी दुरुस्ती झालेली चालत नाही, आणि त्यात नाव घेतलंय ते चॅसी, बॉडी आणि इंजिनचं. बल्बचं नाही. पण बाजारातला प्रत्येक एलईडी नियमात बसतो असंही नाही, हे मी त्याला फोनवर सांगितलं आणि मूळ बल्ब, फ्लॅशर डब्यात घालून ठेवायला सांगितलं. मूळ काचा आम्ही काढल्याच नाहीत. तो म्हणाला, "काका, मग बाबांना सांगा, रॅलीच्या दिवशी जुने लावायचे."

सर एवढे हट्टाला का पेटले, ते मी त्याला सांगितलं नाही. त्यालाही ते माहीत असावं. काही वर्षांपूर्वी हंगामातच, रात्री साडेनऊला, सरांचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून येताना रस्त्यात पंक्चर होऊन उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून गेला. ट्रॉलीला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. बातमी मीच दिली होती, चार ओळींची, 'अंधाराचा अंदाज न आल्याने'. सरांनी ते कात्रण आणून माझ्यासमोर ठेवलं होतं. "अंदाज कुणाला आला नाही रे?" एवढंच म्हणाले होते.

मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसावा असं लिहिलंय. काम झालं त्या रात्री सर गाडीत बसले आणि मी रस्त्याने पावलं मोजत मागे गेलो. दोनशे सात पावलं. वळून पाहिलं, दोन लाल ठिपके स्वच्छ दिसत होते. सरांनी ब्रेक दाबला, तोही दिसला. तेवढ्यात माझ्या शेजारून एक डबल ट्रॉली गेली, गच्च भरलेली, मागे ना दिवा ना लाल फडकं. वीस-पंचवीस पावलांवर ती अंधारात गेली, आणि तिच्या आड सरांची गाडीही.

ट्रॉलीचा नंबर घ्यायला गेलो, तर नंबरप्लेटही नव्हती. फोटो काढलाय, काळा आला आहे. उद्या सकाळी कारखान्याच्या वजनकाट्यावर सर आणि मी जाणार आहोत, रिफ्लेक्टरची लाल पट्टी रोलने घेतलीय. कुणाला यायचं असेल तर सात वाजता स्टँडवर या.