एका बसची गोष्ट

17 मे 1954. शाळांतली काळ्या-गोऱ्यांची फारकत बेकायदा, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं. मी त्याच्या मागं जातो.

1947. साऊथ कॅरोलिनातला क्लॅरेंडन जिल्हा. गोऱ्या पोरांना तीस बसगाड्या, काळ्यांना एकही नाही. लीवाय पिअरसन या शेतकरी बापानं बस मागितली. जमीन दुसऱ्या हद्दीत, म्हणून 1948 मध्ये दावाच काढून टाकला. वर त्याची उधारी बंद.

मग जोसेफ डिलेन या पाद्र्यानं आईबाप गोळा केले. 1949 ला शंभरावर सह्या. आता मागणी बसपुरती नव्हती, सारख्या शाळेची होती. हॅरी ब्रिग्जची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. बायको इलायझा मोटेलात राबायची. नाव काढा म्हणाले. काढलं नाही. तिचीही गेली. 1951 ला डिलेनचं घर जळालं. ब्रिग्जच्या नावाचा हाच खटला, आणखी चार खटल्यांसोबत, 1954 च्या निकालात आहे.

सही म्हणजे नुसती शाई नसते, घरातली भाकर असते. आपण वस्तीत सभा घेतो, भाषण ठोकतो, कागद पुढं करतो नि निघतो. मी पण केलंय. आधी सही करणाराची चूल कोण पेटती ठेवणार ते ठरवा. मग कागद काढा.