घराचा नकाशा आखताना...

मुंबईहून पुण्याला जाणारा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता जेथे एकमेकांपासून वेगळे होतात, ते पळस्पे. न्हावाशेवा बंदराकडे जाणारा महामार्गही येथूनच फुटतो. एके काळी एस.टी.च्या प्रवाशांना केवळ 'फाटा' म्हणून ठाऊक असलेल्या या गावाच्या पंचक्रोशीत आता गुंठ्याच्या भावाची चर्चा चालते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मुंबईतील दोन खोल्या विकून पनवेल तालुक्यात स्वतःचे घर बांधण्याचा बेत करणाऱ्यांना हा परिसर पूर्वीइतका दूर वाटेनासा झाला. जागा, कर्ज, कंत्राटदार यांवर अशी कुटुंबे महिनोन्‌महिने खल करतात. नकाशा मात्र बहुधा एकाच बैठकीत मंजूर होतो. वास्तविक त्या घरात आजारी माणूस कोठे झोपेल, धाकट्या भावाचा संसार कोठे मांडला जाईल, पावसाळ्यात ओले कपडे कोठे वाळतील, हे सारे त्या कागदावरच ठरून जाते.

परवानगीविषयी थोडक्यात. जानेवारी २०१३ मध्ये राज्य शासनाने विमानतळ प्रभावित क्षेत्रासाठी, म्हणजे 'नैना'साठी, सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले आणि पनवेल तालुक्यातील अनेक गावे त्याखाली आली. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली, तेव्हा नैना तिच्या कक्षेतून वगळण्यात आले. त्यामुळे ठाण्यातील किंवा पुण्यातील नातलगाच्या घराचा नकाशा आणून तसाच येथे बसवता येत नाही. आपला सर्व्हे नंबर कोणत्या प्राधिकरणाखाली येतो, बिनशेती आदेश आहे काय, महामार्गालगत इमारत रेषा कोठून जाते आणि विमानतळामुळे उंचीवर काय मर्यादा आहे, हे आधी पाहावे. नैना क्षेत्रात ग्रामपंचायतीचा दाखला ही बांधकाम परवानगी ठरत नाही, हे अनेकांना जोते उभे राहिल्यावर कळते.

दोन गुंठ्यांचा हिशेब

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात ३३ फूट गुणिले ३३ फूट. दोन गुंठ्यांचा प्लॉट ३३ बाय ६६ फुटांचा धरला, तर कागदावर २१७८ चौरस फूट दिसतात आणि घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर स्वतंत्र खोली तरळू लागते. समजा, पुढे १५, मागे १० आणि दोन्ही बाजूंना ५ फूट समास सोडावा लागला (नेमके अंतर रस्त्याच्या रुंदीवर व प्लॉटच्या आकारावर ठरते), तर बांधण्यासाठी उरतात २३ बाय ४१, म्हणजे ९४३ चौरस फूट. बाहेरच्या नऊ इंची भिंती त्यातले सुमारे ९४ चौरस फूट खातात. जिना आणखी ८० फूट घेतो. आतल्या भिंती, दोन न्हाणीघरे आणि येण्याजाण्याची वाट वजा केली की वापरायला उरलेली जागा पाहून अनेकांचा विरस होतो. तो पाया खणण्यापूर्वी झालेला बरा.

नकाशावरील मापे भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत आहेत की आतून आत, हेही विचारून घ्यावे. एका बाजूला नऊ इंची व दुसऱ्या बाजूला साडेचार इंची भिंत असलेली 'दहा फुटी' खोली मध्यापासून मोजलेली असेल, तर प्रत्यक्षात ती सुमारे ९ फूट ५ इंच भरते. गिलाव्याचा थर वेगळाच. त्या सात इंचांत कपाटाचे दार उघडते किंवा अडते.

शयनगृहाचे उदाहरण घ्या. १० बाय १२ फुटांच्या खोलीत सहा फूट रुंद व साडेसहा फूट लांब पलंग टाकला. दोन फूट खोलीचे कपाट पलंगाच्या पायथ्याशी ठेवले तर मध्ये दीडच फूट उरतो आणि माणसाला आडवे चालावे लागते. तेच कपाट दहा फुटी भिंतीला लावले, तर पलंगाच्या एका बाजूला दीड व कपाटाच्या बाजूला अडीच फूट मोकळे राहतात. पण ही सोय खोलीचे दार कोपऱ्यात असेल तरच. दार भिंतीच्या मधोमध आले की दोन्ही बाजूंचे कोपरे निकामी होतात. म्हणूनच आधी सामान मांडावे, मग दारे-खिडक्या ठरवाव्यात, आणि विजेचे बोर्ड सर्वांत शेवटी.

राष्ट्रीय इमारत संहितेने (२०१६) किमान मापे दिली आहेत. एकच खोली असल्यास ती साडेनऊ चौरस मीटरची व २.४ मीटर रुंद असावी, राहत्या खोलीची उंची २.७५ मीटर, जेवणाचीही सोय असलेले स्वयंपाकघर साडेसात चौरस मीटर. ही मापे किमान आहेत, सुखाची नव्हेत. सणासुदीला दोघीतिघी एकत्र राबतात त्या घरात दोन्ही बाजूंना दोन फुटी ओटे असतील, तर स्वयंपाकघराला आठ फूट रुंदी हवीच. तेव्हा कुठे मध्ये चार फूट मिळतात.

जिना आत की बाहेर?

नकाशातील सर्वांत नाजूक प्रश्न हा आहे, आणि तो केवळ स्थापत्याचा नाही. दोन भाऊ मिळून घर बांधत असतील तर वडीलधारी मंडळी आग्रह धरतात, जिना दिवाणखान्यातूनच हवा. घर एक राहावे ही त्यामागची इच्छा. सुना बहुधा गप्प बसतात. दहा वर्षांनी वरच्या मजल्यावर स्वतंत्र चूल पेटते, मुलांची वेळीअवेळी ये-जा सुरू होते आणि प्रत्येकाला खालच्या भावाच्या दिवाणखान्यातून जावे लागते. वरचा मजला भाड्याने देण्याची वेळ आली तर प्रश्न आणखी बिकट. जिना प्रवेशदाराच्या आत, परंतु दिवाणखान्याच्या बाहेर, ओटीला लागून घेतला तर दोन्ही गोष्टी साधतात. आज दोघांना एकच उंबरठा राहतो आणि उद्या एक दार बसवून दोन घरे होऊ शकतात. ही शक्यता आज मोठ्याने बोलून दाखवणे कुणाला आवडत नाही, पण वास्तुविशारदाला ती सांगितलीच पाहिजे.

जिन्याचे गणित सोपे आहे. मजल्याची उंची दहा फूट आणि पायरी सात इंच उंच धरली तर सुमारे १७ पायऱ्या लागतात. दहा इंच रुंदीचा पाय ठेवायचा, मध्ये तीन फुटी चौथरा घेऊन वळायचे, तर साडेसहा बाय पावणेतेरा फूट जागा लागते. ती वाचवण्यासाठी पायऱ्या उंच व अरुंद केल्या जातात. संहितेनुसार घरातील पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच आणि २५० मिलिमीटरपेक्षा अरुंद असू नये. साठीनंतर या आकड्यांचा अर्थ गुडघे समजावून सांगतात.

तळमजल्यावर निदान एक शयनगृह आणि त्याला लागून न्हाणीघर, ही चैन समजू नये. ते नसेल तर आजी-आजोबांपैकी कुणी अंथरुणाला खिळल्यावर दिवाणखान्यातच खाट पडते आणि घराला पाहुणा घेता येत नाही. त्या खोलीचे दार तीन फूट मोकळे असावे, उंबरा नसावा. न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे हवे. आत कुणी घसरून दारापाशीच पडले, तर आत ढकलायचे दार उघडता येत नाही.

वाढत्या घराचा धडा जवळच, सीबीडी बेलापूरला आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी तेथे जी वसाहत आखली, तिच्यात सात-सात घरे एका लहान चौकाभोवती मांडली आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत ठेवली नाही. हेतू हा, की ज्याला जेव्हा ऐपत येईल तेव्हा त्याने दुसऱ्याला न विचारता घर वाढवावे. रहिवाशांनी ते केलेही. कित्येकांनी तर मूळ घर पाडून सिमेंट काँक्रीटचे मजले चढवले. उतरती छपरे गेली, चौक राहिले. आज तळमजलाच परवडत असेल, तरी कॉलम व पाया उद्याच्या मजल्याचा भार धरूनच काढावेत आणि जिन्याची जागा स्लॅबमध्ये आजच राखावी.

पाऊस, ऊन आणि ट्रक

पनवेलच्या पट्ट्यात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, दुपारचे ऊन पश्चिमेच्या भिंतीला भाजते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीवरही छज्जा लागतो. वास्तुशास्त्र मानणाऱ्या कुटुंबांत स्वयंपाकघर आग्नेयेला हवे असते. पश्चिमेच्या वाऱ्याने फोडणीचा धूर तेथून बाहेर जातो, तेव्हा त्यात तोटा नाही. मात्र कर्त्या पुरुषाची खोली नैर्ऋत्येला घेतली, तर तापणारी व झोडपली जाणारी भिंत त्याच्याच वाट्याला येते. तेथे खोल छज्जा किंवा चार-पाच फुटांची पडवी काढावी. चार महिने कपडे वाळवायलाही तीच उपयोगी पडते. जुन्या कोकणी घरातील पडवी, माजघर, परसदार यांना काही कारण होते. ओले बाहेर राही, गारवा माजघरात. दमट हवेत खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक षष्ठांश असावे असे संहिता सांगते. दीडशे चौरस फुटांच्या खोलीला २५ चौरस फूट खिडकी, तीही शक्यतो दोन भिंतींत.

पळस्प्याला एक गोष्ट अधिकची आहे, ती म्हणजे बंदराच्या कंटेनर ट्रकांची रात्रंदिवस घरघर. महामार्गाच्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली घ्यावी आणि झोपायच्या खोल्या मागे न्याव्यात. रस्त्याकडे दर्शनी गच्ची व काचेची मोठी खिडकी काढण्याचा मोह आवरलेला बरा.

न्हाणीघरावर न्हाणीघर यावे, स्वयंपाकघरावर किंवा देवघरावर येऊ नये. गळती कधी ना कधी होतेच. जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच घ्यावे आणि २६ जुलै २००५ रोजी आपल्या प्लॉटवर पाणी कोठवर आले होते, ते गावातील जुन्या माणसाला विचारावे. सांडपाण्याची जोडणी नसेल तर शोषखड्डा लागतो. भारतीय मानकानुसार तो पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट दूर हवा. ६६ फुटांच्या प्लॉटमध्ये याचा अर्थ, बोअरवेल एका टोकाला आणि शोषखड्डा दुसऱ्या. शेजाऱ्याची बोअर कोठे आहे तेही पाहावे लागते. म्हणून या दोन जागा नकाशावर सर्वांत आधी मांडाव्यात, घर त्यांच्या मध्ये बसवावे.

एवढे ठरले की पाया खणण्यापूर्वी एका संध्याकाळी प्लॉटवर फक्कीने खऱ्या मापाचा नकाशा आखून घ्यावा. पलंगाच्या जागी चटई अंथरावी, ओट्याच्या जागी विटा रचाव्यात आणि घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः स्वयंपाक करणारीने आणि वयाने सर्वांत मोठ्या माणसाने, त्या रेषांमधून चालून पाहावे. फक्कीची रेषा पायाने पुसता येते. कॉलम उभा राहिल्यावर खिडकी हलवायची तर कंत्राटदार जादा बिल लावतो आणि मंजूर नकाशाशी विसंगती झाली तर भोगवटा प्रमाणपत्रही अडते.