‘स्टेज’, रोस्ट्रा आणि श्रोत्याचे स्थान

अ‍ॅरिस्टॉटलच्या वक्तृत्वमीमांसेची मराठीत जी ओळख करून दिली जाते, ती बहुधा वक्त्यापाशीच थांबते. वक्त्याचे शील, श्रोत्यांचा भावक्षोभ आणि युक्तिवाद ही मन वळवण्याची तीन साधने पाठ केली जातात. श्रोता मात्र या साधनांचे लक्ष्य एवढाच उरतो. वस्तुतः ‘ऱ्हेटोरिक’च्या पहिल्या भागात अ‍ॅरिस्टॉटलने भाषणाचे प्रयोजन वक्त्यात नव्हे, श्रोत्यात शोधले आहे, आणि श्रोत्याचे दोन प्रकार कल्पिले आहेत: निर्णेता आणि प्रेक्षक. लोकसभेत पुढच्या गोष्टींचा आणि न्यायसभेत झाल्या गोष्टींचा निर्णय करणारा तो निर्णेता. समारंभात वक्त्याचे कौशल्य न्याहाळणारा तो प्रेक्षक. वक्तृत्वाचे प्रकार या भेदावरून ठरतात. ज्या प्रश्नाचा निर्णय ज्याने करायचा, त्यालाच त्या प्रश्नाचा प्रेक्षक करून ठेवले तर काय होते, हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटल विचारत नाही. तो मराठीत विचारला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातून, वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेत.

अथेन्सला या धोक्याची जाणीव नव्हती असे नाही. प्निक्स टेकडीवर सभा भरली की कोणाला बोलायचे आहे, असा पुकारा होई आणि तत्त्वतः कोणीही नागरिक पुढे येऊ शके. तरीही इ. स. पू. ४२७ मध्ये मितिलीनीच्या बंडखोरांना काय शिक्षा द्यावी यावर जो वाद झाला, त्यात क्लिऑनने अथेनियनांना सुनावले की, तुम्ही भाषणांचे प्रेक्षक झाला आहात. थ्युसिडिडीसने हे क्लिऑनच्या तोंडी घालावे यात उपरोध आहे, कारण वक्तृत्वावर तुटून पडणारा हा पुढारी स्वतः वक्तृत्वावरच तरलेला होता. परंतु आरोप खोटा ठरत नाही. शिवाय स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना त्या टेकडीवर प्रेक्षकाचीही जागा नव्हती, हे विसरून अथेन्सचे गोडवे गाता येत नाहीत.

रोममध्ये हा भेद जवळजवळ घटनेतच बसवला होता. ‘कोन्तिओ’ ही सभा बोलावण्याचा अधिकार पदाधिकाऱ्याचा. बोलणार तो स्वतः, किंवा तो ज्याला पुढे आणील तो. इ. स. पू. ३३८ मध्ये जिंकलेल्या अँटियमच्या जहाजांच्या चोची ज्या चौथऱ्याला जडवल्या, त्या रोस्ट्रावरून भाषण होई आणि लोक खाली उभे राहून ऐकत. मतदान व्हायचे ते वेगळ्या सभेत. फ्लाकसच्या बचावात सिसेरोने ग्रीकांची बसून चर्चा करणारी सभा त्यांच्या नाशाला कारण झाली असे म्हटले आहे. उभा जमाव आणि उंचावरचा वक्ता ही रचना त्याला शिस्तीची वाटे. आपल्याकडची अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि आभारप्रदर्शन यांनी बांधलेली सभा अथेन्सपेक्षा रोमलाच जवळची आहे.

शहादा तालुका १९९८ च्या जुलैपर्यंत धुळे जिल्ह्यात होता. तिथल्या भिल्लांच्या हातून जमिनी गेल्या आणि त्याच जमिनींवर ते सालदार म्हणून राबू लागले, हा इतिहास सुपरिचित आहे. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर झालेला गोळीबार, १९७२ च्या जानेवारीतील भूमुक्ती मेळावा आणि त्यानंतर उभी राहिलेली श्रमिक संघटना या घटनाक्रमाचे विवेचन मारिया मीस यांनी १९७६ च्या निबंधात केले आहे. त्या विवेचनाचा भर अर्थातच वर्गसंबंधांवर आहे. वक्तृत्वाच्या अंगाने पाहता लक्ष जाते ते अंबरसिंग सुरतवंती यांच्याकडे. भिल्ल समाजातून आलेला, सर्वोदयाच्या कामातून घडलेला हा नेता लोकांत ‘अंबरसिंग महाराज’ म्हणून ओळखला जाई, आणि त्याच्या शब्दाचे पहिले रूप भाषण नव्हते, भजन होते. १९७४ मध्ये त्याचा अकाली मृत्यू झाला.

भजनातून राजकारण म्हटले की नागर वाचकाला ते वक्तृत्वाच्या अलीकडचे, अप्रगत असे काही वाटते. हा समज प्राचीन इतिहासाशीही जुळत नाही. सोलोनने कर्जापायी गुलाम झालेल्या अथेनियनांना इ. स. पू. ५९४ च्या सुमारास मुक्त केले, त्याचे राजकीय विचार आज हाती आहेत ते त्याच्या पद्यातूनच. सॅलमिसच्या प्रश्नावर त्याने वेडाचे सोंग घेऊन, दवंडीवाल्याच्या दगडावर चढून कविता म्हटली, अशी कथा प्लुटार्कने दिली आहे. भजनात, पद्यात, ऐकणारा आपला आवाज मिसळू शकतो. भाषणात त्याला टाळीपुरतीच जागा असते. नंदुरबारच्या परिसरात याला आधीची एक परंपराही होती. तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज (मृत्यू १९३८) यांनी आरतीच्या निमित्ताने हजारो आदिवासींना एकत्र आणले, दारू सोडायला सांगितले आणि ‘आप’ हे आदरार्थी संबोधन रूढ केले. ज्याला उभ्या आयुष्यात सावकाराने वा शिपायाने ‘अरे’पलीकडे हाक मारली नाही, त्याने शेजाऱ्याला ‘आप’ म्हणावे, ही घटना कोणत्याही भाषणाइतकीच राजकीय होती.

श्रमिक संघटनेबरोबर शहरांतून शिकलेले तरुण आले आणि सभेची रीत बदलली. ‘गोधड’ (१९८७) या संग्रहाचे कवी वाहरू सोनवणे त्या चळवळीतलेच कार्यकर्ते. ‘स्टेज’मध्ये आदिवासी खाली आहेत, वर उभे असलेले त्यांना त्यांचेच दुःख सांगत आहेत. खालून शंकेची कुजबुज उठते आणि वरून धमकी येते. कवितेचा रोख मध्यमवर्गीय कार्यकर्त्यांवर आहे, असे वाचन रूढ झाले आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. वरचे लोक खोटे बोलत असते तर प्रश्न सोपा होता. ते खरे सांगत आहेत, बहुधा कळकळीने सांगत आहेत. फक्त त्या दुःखाचा धनी जो, तो प्रेक्षक झाला आहे. म्हणजे आक्षेप वक्त्याच्या शीलावर किंवा युक्तिवादावर नसून श्रोत्याच्या स्थानावर आहे. कवितेचे शीर्षकही विचारात घ्यावे लागते. ‘व्यासपीठ’ म्हटले असते तर पुराणिकापुढे बसलेल्या श्रोत्याची जुनी विनम्रता आपोआप आली असती. ‘स्टेज’ या शब्दात ती नाही. त्यात फळ्या आहेत, उंची आहे आणि नाटकही आहे.

मग बाहेरच्याने बोलूच नये काय? लिसिअसचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तो अथेन्सचा नागरिक नव्हता, त्यामुळे लोकसभेत बोलण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्याने दुसऱ्यांसाठी न्यायसभेतली भाषणे लिहिली, आणि ती ज्याच्या त्याच्या स्वभावाला शोभतील अशी लिहिली. लेखणी परक्याची, पण उभा राहून बोलणारा फिर्यादी किंवा आरोपी स्वतः. १९७४ च्या अधिनियमाने अनुसूचित जमातींना जमिनी परत मिळण्याची वाट काही अंशी मोकळी केली, तेव्हा अर्ज, सातबाऱ्याचे उतारे आणि फेरफार समजणाऱ्या माणसाची गरज खरीच होती. ते काम लिसिअसचे होते. ‘स्टेज’ला सलतो तो रोस्ट्रावरचा वक्ता, आणि हे दोघे एकाच माणसात वस्ती करू शकतात, ही चळवळीची अडचण होती. कवितेलाही ती चुकत नाही. तीही सभांमधून, म्हणजे स्टेजवरूनच, म्हटली जाते. १९९० मध्ये पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान तिच्या कवीकडे आले.

याच चळवळीत स्त्रियांची शिबिरे झाली. त्यांत स्त्रियांनी दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्यांचा मार कसा सोसावा लागतो ते सांगितले. सांगणाऱ्या त्याच, ऐकणाऱ्या त्याच. आणि काय करायचे ते ठरवणाऱ्याही त्याच होत्या. त्या उठल्या आणि गुत्त्यावर जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली.