पर्ज व्हॉल्व्ह: टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेचं पुढे काय होतं?

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या कारच्या टाकीत पेट्रोलची भरपूर वाफ तयार होते. ती हवेत सोडली तर इंधन वाया जातं आणि प्रदूषणही वाढतं. ऊन आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड यांच्याशी मिळून ती जमिनीलगत ओझोन तयार करते. हा ओझोन फुफ्फुसांना घातक असतो. म्हणून ही वाफ इंजिनातच जाळली जाते. तिच्या वाटेवरचं दार म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह.

काम कसं चालतं?

टाकीतली वाफ नळीतून आधी कॅनिस्टर नावाच्या डब्यात जाते. त्यातला सक्रिय कोळसा तिला धरून ठेवतो. हा डबा आणि इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड यांच्या मध्ये पर्ज व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद असताना तो बंदच राहतो. इंजिन तापल्यावर ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, त्याला थांबून थांबून वीज देतो आणि तो भराभर उघडझाप करतो. मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब कमी असल्याने बाहेरची हवा कोळशातून ओढली जाते आणि वाफ सोबत घेऊन इंजिनात शिरते. त्या हिशेबाने ईसीयू इंजेक्टरमधून पेट्रोल कमी सोडतो.

बिघडला तर?

व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर स्टार्ट होत नाही. टाकी भरताना बाहेर ढकललेली वाफ थेट इंजिनात जाते आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. आयडलिंगही वर-खाली होतं. बंदच अडकला, तर कॅनिस्टर वाफेने भरून जातो आणि पेट्रोलचा वास येऊ शकतो. दोन्ही वेळा चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. स्कॅनरवर ‘पी०४४३’ कोड दिसला, तर दोष व्हॉल्व्हच्या विजेच्या सर्किटमध्ये आहे. अशा वेळी नवा व्हॉल्व्ह घेण्याआधी वायर आणि कनेक्टर तपासून घ्यावेत.

काय टाळावं?

वेरूळ-अजिंठ्याला निघताना अनेकजण टाकी काठोकाठ भरून घेतात. नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर’साठी पेट्रोल टाकलं, तर ते कॅनिस्टरपर्यंत पोहोचू शकतं. त्याने कोळसा खराब होतो आणि त्याचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतात. म्हणून नोझल पहिल्यांदा बंद झालं की थांबावं. पेट्रोलचा वास सतत येत असेल तर गळतीही असू शकते. गाडी लगेच तपासून घ्यावी.