पुस्तकातलं नाव

आमच्याकडे मोटारसायकलच्या नोंदणी कागदाला 'पुस्तक' म्हणत. जुनी गाडी घ्यायची म्हटली की लोक चाकं बघत, आवाज ऐकत, आणि शेवटी विचारत, "पुस्तक आहे ना?" आहे म्हटलं की झालं. त्या पुस्तकात नाव कोणाचं आहे, हे कुणी फारसं वाचत नसे. आम्हीही वाचलं नव्हतं.

बाबांनी राजदूत घेतली ती 1991 च्या शिमग्याआधी. मी तेव्हा आठवीत होतो. गाव नागोठणे-रोहा रस्त्याला, भिसे खिंडीच्या नागोठण्याकडच्या बाजूला. बाबा धाटावच्या एमआयडीसीत एका रसायनाच्या कारखान्यात कामाला. सत्तरीच्या दशकापासून कुंडलिकेकाठी ही वसाहत वाढत गेली आणि भातशेती करणाऱ्या घरांमध्ये पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी असे शब्द शिरले. 1986 मध्ये आपट्यावरून रेल्वे रोह्यापर्यंत आली, एसटी तर आधीपासून होतीच. पण कारखान्याचा भोंगा ना रेल्वेच्या वेळेवर वाजायचा ना एसटीच्या. दुसरी पाळी सुटली की माणूस मध्यरात्री फाटकाबाहेर उभा. बाबा सायकलने खिंड चढायचे. पावसाळ्यात घरी पोचेपर्यंत आई जागी असायची.

आमच्या भागात मोटारसायकल आली ती हौसेपेक्षा या पाळ्यांमुळे. नवी गाडी परवडण्यासारखी नव्हती. बुलेट बागायतदाराकडे, जावा-येझदी एखाद्या हौशी तरुणाकडे, आणि राजदूत दूधवाल्यांकडे, कामगारांकडे. ही 175 सीसीची राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली, फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने बनवलेली. तीन गिअर, टू-स्ट्रोक इंजिन, कसल्याही रस्त्याला चालणारी. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आणि यामाहाची आरएक्स 100 बाजारात आल्या. ज्यांच्या हातात पैसा होता त्यांनी त्या घेतल्या आणि आपल्या जुन्या राजदूत विकायला काढल्या. मुंबई-पनवेलच्या गाड्या पेणला यायच्या, पेणच्या नागोठण्याला, नागोठण्याच्या आमच्यासारख्या खेड्यांत. पाणी उताराला लागावं तशा.

आमची गाडी 1978 ची. नागोठण्याच्या एका माणसाकडून साडेपाच हजारांना घेतली. त्याने ती आधीच चालू करून अंगणात उभी केली होती. बाबांनी किक मारली, पहिल्या फटक्यात उचलली. बाबा खूश. पैसे दिले, पुस्तक घेतलं, सोबत पहिल्या मालकाच्या सहीचे दोन कोरे फॉर्म घेतले आणि गाडी घरी आणली. आईने हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काही केल्या सुरू होईना.

रोह्याच्या मिस्त्रींकडे ढकलत नेली. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी हेडलाइटची काच उघडली आणि बोटाने आत खरवडलं. बोटाला पिवळी, बारीक, सुकलेली माती. मग सीटखालची वायरिंग बघितली. तिथेही तीच माती.

"हिनं पूर खाल्लाय," चाचा म्हणाले.

24 जुलै 1989. अंबा नदीने जांभूळपाडा उद्ध्वस्त केला, नागोठण्याच्या बाजारपेठेत पाणी भरलं, तो दिवस आमच्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. त्या पाण्यात ही गाडी बुडाली होती. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं.

चाचांनी मला जवळ बसवून दाखवलं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि ऑइल एकत्रच क्रँकच्या पेटीतून वर जातं. वेगळं ऑइल तिथे नसतं. पुराचं पाणी सायलेन्सरमधून, कार्बोरेटरमधून त्या पेटीत उतरतं आणि बसून राहतं. बेअरिंगला गंज चढतो. वरून गाडी धुतली, रंग मारला की कुणाला कळत नाही. "गाडी बघायला गेलास ना, तर आधी इंजिनाला हात लाव," ते म्हणाले. "गरम असलं तर समज, आधीच चालू करून ठेवलीय. थंड होऊ दे, मग किक मार. टाकीत बॅटरी मारून बघ. लाल दिसलं तर गंज आहे. चेसिस नंबर पुस्तकाशी ताडून बघ."

हे सगळं आम्हाला एक दिवस उशिरा कळलं. क्रँक उघडून बेअरिंग बदलायला पंधराशे रुपये लागले. आईने पोह्यांसाठी ठेवलेलं भात विकलं.

पण नंतर ती गाडी चालली. पेट्रोल भरताना ऑइल मापून टाकायचं आणि गाडी हलवून घ्यायची, हे काम माझं. ऑइल जास्त झालं की प्लग काळा पडून बंद, कमी झालं की पिस्टन जाम. महिन्याला प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. पॉइंटची फट चाचा डोळ्यांनी मोजत. सायलेन्सरमधला कार्बन खरवडून काढायचा. बाबांचे नातलग पेणजवळच्या खारेपाटात; तिथे जाऊन आलं की खाऱ्या चिखलाने रिमवर आणि आऱ्यांवर दुसऱ्याच दिवशी तांबूस डाग दिसायचे. म्हणून घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवायची, आणि मृगाआधी खालच्या सगळ्या लोखंडाला जळकं ऑइल ब्रशने मारायचं. भाद्रपदात पेणहून गणपती आणायचा तो याच गाडीवर. बाबा पुढे, मी मागे मूर्ती मांडीवर घेऊन, रस्त्यातला एकेक खड्डा पाठ करत.

नाव बदलायचं मात्र राहिलं. आरटीओचं ऑफिस पेणला. त्यासाठी एक दिवसाची रजा, शिवाय खर्च. "सहीचे फॉर्म आहेत ना आपल्याकडे, करू कधीतरी," असं म्हणत पाच वर्षं गेली. तोवर गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत उलटली होती आणि विमाही संपला होता.

1996 च्या डिसेंबरात, रात्री, बाबा दुसरी पाळी सुटून धाटावहून येत होते. राजदूतचा दिवा इंजिनाच्या वेगावर चालतो. गाडी हळू केली की उजेड मंदावतो. वळणावर वेग कमी केला आणि समोरचा सायकलवाला दिसलाच नाही. दुसऱ्याच कारखान्यातून सुटलेला कामगार. पाय मोडला. बाबांनीच टेम्पो थांबवून त्याला दवाखान्यात नेलं आणि रात्रभर तिथे बसले.

दीड महिन्याने दुपारी आमच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. धोतर, टोपी, हातात वकिलाची नोटीस. पेणहून एसटीने आले होते. नोटिशीत नुकसानभरपाई मागितली होती, ती त्यांच्याकडे. कारण पुस्तकात नाव त्यांचं होतं. 'मु. पो. पेण, जि. कुलाबा.' कुलाब्याचा रायगड 1981 मध्ये झाला, गाडी दोनदा विकली गेली, पुरात बुडाली. पण पुस्तकातली ती ओळ तशीच.

"मी गाडी 87 साली विकली," ते म्हणाले. "मला वाटलं, सही दिली म्हणजे सुटलो."

बाबा त्यांच्यासमोर उभे होते, खाली बसेनात. मी बाबांना त्याआधी कधी तसं बघितलं नव्हतं. नागोठण्याच्या माणसाने पूर लपवला म्हणून आम्ही त्याला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. आणि इथे आमच्या आळसापायी एका परक्या माणसाच्या डोक्यावर पाच वर्षं टांगती तलवार ठेवली होती, त्याला न सांगता.

ते रागावले नाहीत. आईने चहा दिला, तो घेतला. मग म्हणाले, "गाडी बघू का?" पडवीत गेले, टाकीवर हात ठेवला. गणपतीच्या कारखान्यासाठी शाडूची माती आणायला ही गाडी घेतली होती म्हणाले. "तेव्हा मातीच्या पिशव्या, आता तुमचं हे."

बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं. जखमी माणसाचा दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी दिली, वकिलांसमोर लिहून झालं. मग बाबा आणि ते आजोबा दोघे मिळून पेणच्या आरटीओत गेले. फॉर्म 29, फॉर्म 30, नव्याने विमा, गाडीची तपासणी, मुदत वाढवणं. मी सोबत होतो. पुस्तकात बाबांचं नाव चढलं तेव्हा आजोबांनी ते हातात घेऊन नीट वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

1988 चा मोटार वाहन कायदा सांगतो की राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करायची. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. मधे गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. आम्हाला हे न्यायालयाने सांगायच्या आधी पेणच्या आजोबांनी सांगितलं.

राजदूत अजून पडवीत आहे. सुटे भाग मिळणं कठीण झालंय, चाचाही राहिले नाहीत. महिन्यातून एकदा मी तिला सुरू करतो. गावातली पोरं जुनी गाडी बघायला मला सोबत नेतात. मी इंजिनाला हात लावतो, हेडलाइट उघडून माती आहे का बघतो. पोरं म्हणतात, "काका, झालं ना? चला, व्यवहार करू."

मी म्हणतो, "थांब रे. पुस्तक आण आधी. नाव कोणाचं आहे ते वाच, आणि त्या माणसाला फोन लाव."